दहापैकी नऊ

पालघर
३ ऑक्टोबर २०२५

शालू,

‘प्रिय’ लिहिणार होते. पण बावीस वर्षं अंगणवाडीत पोरांच्या पाट्या तपासणारी बाई पहिलाच शब्द लाल पेनाने खोडेल, म्हणून नुसतं शालू.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला या दिवाळीत वर्ष होईल. वर्गाच्या ग्रुपमधूनही बाहेर पडलीस. ‘शालू लेफ्ट’ एवढीच ओळ आली आणि तिच्याखाली चारुताने सवयीने गुलाबाचं फूल टाकलं. ती वाचत नाही, फक्त फुलं टाकते. तर फोन बंद म्हणून हे पोस्टाने. सकाळी तिकीट आणायला गेले, तर खिडकीतल्या बाईने विचारलं, ऑफिसचं आहे का. खाजगी म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कबुतर घेऊन आलेय.

मुद्द्यावर येते. यंदा दिवे बघायला जायचं की नाही?

परवा धर्माजीच्या घरी गेले होते. त्याच्या सुनेने, तेजलने, विचारलं की आत्या, तुम्ही शाळेतले लोक दर दिवाळीत नेमकं करता काय. मी सांगितलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही एका गाडीत बसतो. आधी शाळेतल्या नंबराने हजेरी होते. मग पालघरपासून निघून बोईसरच्या कंपन्यांची गेटं, कॉलन्या, चाळी, नवापूरची घरं असं करत लोकांची रोषणाई बघतो, प्रत्येकाला दहापैकी मार्क देतो आणि शंभर पानी वहीत लिहितो. कल्पकता, कष्ट आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास, अशा तीन विषयांत. शेवटचा स्टॉप दांडी, शालूचं घर. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. ती म्हणाली, पण त्या लोकांना मार्क कळतात का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग कशाला देता? एकविसाव्या वर्षी माणसाला असे प्रश्न पडतात.

धर्माजी तेव्हा ओट्यावर एसटीचा खाकी शर्ट वाळत घालत होता. मी त्याला म्हटलं, चोवीस तारीख पक्की ना, तुझी ईको काढशील ना. तो शर्ट झटकत म्हणाला, ‘अडतीस नंबर नाय त गाडी नाय.’ आणि घरात निघून गेला. तुला ठाऊक आहे, तो दिवसभरात मोजकी वाक्यं बोलतो आणि त्यातलं एकही परत घेत नाही.

अडतीस नंबर म्हणजे तू. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीच्या त्या लेखाबद्दल थोडं. साप्ताहिकात मी गेली अकरा वर्षं सदर लिहिते, लोकांना गुदगुल्या व्हाव्यात एवढाच त्यामागचा हेतू. दिव्यांच्या फेरीवरचा लेख त्यातलाच होता. त्यात दांडीचं नाव नव्हतं, ‘किनाऱ्यावरचं एक गाव’ असं होतं. घरही कुणाचं म्हणून नव्हतं, लेखकाला असं एक घर कल्पावं लागतं. शिवाय जागा कमी पडली की संपादक मधल्या ओळी उडवतात, त्यामुळे काही वाक्यं होती त्यापेक्षा जास्त उघडी पडली. तुला कुणीतरी तेवढंच वाक्य वाचून दाखवलं असणार. पूर्ण लेख वाचलास तर तुला वेगळं वाटेल. कात्रण सोबत जोडते आहे.

यंदा ये. चारुता करंज्या करणार आहे. तिच्या करंज्यांना आपण दरवर्षी चार देतो, यंदा पाच देऊ.

हेमांगी
(नंबर सेहेचाळीस)


पालघर
९ ऑक्टोबर २०२५

शालू,

पत्र परत मिळालं. पाकीट हातात घेतलं तेव्हा वाटलं, उत्तर आलं. उघडलं तर माझाच कागद, आणि त्यावर लाल शाई. ‘घरही कुणाचं म्हणून नव्हतं’ याच्याखाली दोन रेघा. संपादकांवर फुली. ‘गुदगुल्या’ या शब्दाभोवती गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. तळाशी शेरा: ‘खोटं आहे. पुन्हा लिहून आण.’ कात्रण मात्र आलं नाही. ते ठेवून घेतलंस की चुलीत घातलंस, कळायला मार्ग नाही.

दिवसभर चिडले होते. वाचनालयात एका सभासदाला पुस्तक उशिरा आणल्याबद्दल इतकं बोलले, की तो म्हणाला, बाई, पुस्तक माझं नाहीच, मी शेजाऱ्याचं द्यायला आलोय. संध्याकाळी घरी येऊन तुझा शेरा परत वाचला. अक्षर अजून तसंच आहे तुझं, ‘ख’ मोडका. मग हसू आलं. मी जन्मभर लोकांना मार्क देत आले, मला कुणी वही परत केली नव्हती.

तर पुन्हा लिहिते.

संपादकांनी एक अक्षर कापलं नव्हतं. उलट फोन करून म्हणाले, बाई, ते वाक्य अप्रतिम आहे, त्याची चौकट करतो. केली. आणखी तीन फोन आले, त्यातला एक नाशिकहून. मी खूश होते. ते वाक्य तुला पाठ असेल, तरी इथे लिहिते, म्हणजे मी टाळलं असं व्हायला नको: ‘त्या घरातला कर्ता माणूस जाऊन पाच महिने झाले होते, पण दारावर निळी माळ अशी नाचत होती, की दुःखाचीही वरात निघते हे आम्हांला तिथे कळले.’

घर तुझं होतं. कर्ता माणूस म्हणजे जितेश. नंबर चौदा. आपल्या वर्गातला, तुझा नवरा, सव्वीस वर्षं मासळीचा टेम्पो धुऊन त्यात आपल्याला बसवून फिरवणारा. टेम्पो कितीही धुतला तरी बोंबलाचा वास जायचा नाही आणि चारुता बोईसरपर्यंत नाकाला पदर लावून बसायची. हे सगळं मला लिहिताना माहीत होतं. किनाऱ्यावरचं गाव म्हटलं की झाकतं, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्या भागात ते साप्ताहिक फक्त शाळेत आणि सलूनमध्ये येतं, म्हणजे पूर्ण गावात येतं, हे मला कळायला हवं होतं.

धर्माजीने नंतर सांगितलं. तुला दांडीत ‘वरातवाली’ म्हणायला लागले. नळावर, लग्नाच्या मांडवात, एकदा तुझ्याच अंगणवाडीत, एका पोराच्या आईने. पोरगं चार वर्षांचं, त्यानेही म्हटलं. तू त्या पोराला काय उत्तर दिलंस ते धर्माजीला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही.

पण एक सांगते. ते वाक्य मी घरी आल्यावर, सगळा दिवस आठवताना लिहिलं. तेव्हा डोळ्यांपुढे तू नव्हतीस. माळ होती फक्त. लिहिणाऱ्याचं असं होतं, वस्तू दिसते, माणूस मागे राहतो. याचा अर्थ मला तुझ्याबद्दल काही वाटत नाही असा नाही.

त्या माळेचंही मला खरोखर कोडं होतं. वर्षाच्या आत आपल्याकडे कुणी आकाशकंदीलही लावत नाही. तूच का लावलीस, तेही अशी, तीन तऱ्हांनी लुकलुकणारी? मला ते शोभलं नाही. हे मी तोंडावर विचारायला हवं होतं, छापायला नको होतं. एवढं कबूल.

धर्माजी अजून गाडीचं नाव काढत नाही.

हेमांगी


पालघर
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

शालू,

दुसरं पत्रही परत आलं. या वेळी लाल शाई कमी. ‘घरी आल्यावर’ या दोन शब्दांखाली रेघ. ‘कोडं होतं’ याच्यापुढे लिहिलंस, ‘विचारलं का?’ आणि तळाशी शेरा एकाच शब्दाचा: ‘निम्मं.’

काल बोईसरच्या बाजारात गेले होते. पणत्या घ्यायच्या होत्या, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे गुरुवारी तिथे रखमाआय सुकी मासळी घेऊन बसते हे माहीत होतं. तुझ्या सासूला तोंड दाखवायची हिंमत वर्षभर नव्हती, पण तुझ्या लाल पेनापेक्षा ती बरी, असा हिशेब केला. चुकला.

तिने मला लांबून ओळखलं. सुकटाची टोपली सरकवून जागा केली आणि शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाली, ‘सर गो, पेपरवाली आली. नीट बस, नायतर तुजी पन वरात काढंल.’ आजूबाजूच्या बायका हसल्या. एक परप्रांतीय गिऱ्हाईक होता, तोही कशावर हसायचं ते न कळता हसला. मी खाली बसले.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात केला. जोशात नव्हती. सुकटातल्या काड्या निवडत निवडत बोलली, आणि मी जेवढं लक्षात राहिलं तेवढं, तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांवर तुझा विश्वास नाही.

‘ती माळ जितूनं घेतली होती. तो होता तवा. आदल्या दिवाळीला तू त्याला नऊ दिलंस, तवा दुसऱ्याच दिवशी पालघरला जाऊन ही घेऊन आला. बोलला, आये, पुढच्या सालाला हेमांगीकडनं दहा घेतो का नाय बघ. खोक्यातच होती. तो गेला. दिवाळी आली, आमी शालूला मना केलं, बाय, सुतकाचं साल हाय, लोक काय बोलतील. ती बोलली, माजे वर्गातले लोक येतील, त्यांना शेवटचा ठेसन काळोखात दिसला तर त्यांना कसं वाटंल. तुमाला कसं वाटंल म्हून लावली तिनं. तिला नव्हती लावायची.’

मग तिने विचारलं, ‘तुमच्याकडे सुतकाच्या घरी फराळ कोन देतो?’

मी म्हटलं, शेजारपाजारचे. नातेवाईक. मित्रमंडळी.

‘मंग तुमी काय आनलं होतं?’

‘वही,’ ती म्हणाली.

शालू, बाजारातून उठून मी स्टँडवर येऊन बसले आणि दोन गाड्या सोडल्या. हे मला कसं सुचलं नाही? आमच्या वाडीत कुणाकडे माणूस गेलं की त्या दिवाळीला आई मला हातात डबा देऊन पाठवायची. त्या घरात कढई चढत नाही, म्हणून चार घरांतून लाडू-चकल्या जातात, आणि डबा देणारीच त्यांच्या दारात एक पणती लावून येते. न बोलता. मी लहानपणी अशा किती पणत्या लावल्या असतील. आणि गेल्या वर्षी आम्ही तिघं, मी, चारुता, धर्माजी, त्या प्रथेतले सगळे जुने जाणते, हात हलवत तुझ्या अंगणात उतरलो. दिवे आम्ही आणायचे होते. ते तू लावलेस. फराळ आम्ही आणायचा होता. तो तू केलास, आणि आम्ही खाल्ला. चकली कडक आहे असं चारुता म्हणाली. मी म्हटलं, सात.

आता ‘घरी आल्यावर’ या शब्दांचं.

हे लिहायला मी टेबलावरून तीनदा उठले. एकदा चहा करायला, एकदा झाडांना पाणी घालायला, आणि एकदा उगाच.

आम्ही त्या दिवशी पोचलो तेव्हा साडेसात वाजले असतील. तू माझ्या शेजारी ओट्यावर बसलीस. निळा उजेड तुझ्या चेहऱ्यावर येत-जात होता. तू जितेशचं सांगत होतीस. जूनमध्ये होड्या वर ओढून ठेवलेल्या, तो दारात जाळं दुरुस्त करत बसलेला, तू आत चहा टाकत होतीस, त्याने ‘शालू’ अशी हाक मारली आणि तू म्हणालीस, ‘थांब, उकळतोय.’ तू बाहेर आलीस तेव्हा जाळ्याची सुई त्याच्या बोटांत तशीच होती, धाग्यासकट. तू म्हणालीस, ‘मी थांब म्हटलं त्याला, हेमांगी.’ हे तू रखमाआयलाही सांगितलं नव्हतंस. मला सांगितलंस.

आणि मी म्हटलं, ‘शाले, पेन आहे का गं?’

तुला वाटलं असेल, मला काही सुचत नाहीये म्हणून असं बोलले. तू आत गेलीस आणि अंगणवाडीतलं लाल पेन आणून दिलंस. मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर ते वाक्य लिहिलं. तिथेच. तुझा हात माझ्या गुडघ्यावर होता. तू ‘थांब, उकळतोय’ म्हणालीस तेव्हा माझ्या डोक्यात वरात जुळत होती, आणि ती निसटेल अशी मला भीती वाटली. तुझं बोलणं संपेपर्यंत ती राहणार नाही असं वाटलं. म्हणून तुला मध्येच उठवलं.

वही आत्ता समोर आहे. वाक्य लाल शाईत आहे. माझं बाकी सगळं निळ्यात असतं. तू पहिल्याच पत्रावर लाल पेन का चालवलंस, ते मला आत्ता लिहिता लिहिता कळलं. तू नुसतं वाक्य छापून आलं म्हणून चिडली नव्हतीस. ते कशाने लिहिलं ते तुला ठाऊक होतं.

पेन मी परत केलं नाही. पर्समध्ये राहिलं होतं. हे पत्र त्याच पेनाने लिहिलंय, म्हणजे तुला खोडायला दुसरा रंग शोधावा लागेल.

आणखी एक लपवलेलं सांगून टाकते. गेल्या वर्षी निघताना हजेरी झाली. शाळेत जितेश बापाबरोबर होडीवर गेला की धर्माजी त्याच्या नंबरावर ‘हजर’ म्हणायचा, आवाज बारीक करून, आणि गुरुजी वहीतून मान वर न काढता म्हणायचे, ‘चौदा नंबरचा घसा बसलाय का?’ सगळ्यांना कळायचं आणि कुणी बोलायचं नाही. गेल्या वर्षी मी ‘अकरा’ म्हटलं, धर्माजी ‘हजर’ म्हणाला, आणि मी चौदा गाळून सरळ ‘एकतीस’ म्हटलं. चारुता ‘हजर’ म्हणाली. वहीत गेल्या वर्षीच्या पानावर तुझ्या घरासमोर सहा मार्क आहेत आणि पुढे लिहिलंय ‘अति’. ते मी खोडून दहा करणार होते. मग वाटलं, आता दहा देणं म्हणजे श्रद्धांजली. जितेशला श्रद्धांजली नको होती, मार्क हवे होते.

या पत्रात ‘ये’ असं लिहीत नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता मी आणि चारुता दांडीला येऊ, डबे घेऊन. एक वर्ष उशिरा. गाडी नसली तर रिक्षाने. डबे ओट्यावर ठेवू, पणती लावू आणि जाऊ. तुला बाहेर यायची गरज नाही.

हेमांगी


पालघर
२६ ऑक्टोबर २०२५

शालू,

परवा निघताना तू म्हणालीस, ‘जे झालं ते लिहून पाठव. तोंडाने बोललेलं तुझं मी धरत नाही.’ म्हणून लिहिते. तू होतीसच, तरी.

धर्माजीला मी तिसरं पत्र टपालात टाकायच्या आधी वाचून दाखवलं होतं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘चोवीसला पाचला निघू.’ अडतीस नंबरचं काय विचारलं तर म्हणाला, ‘डबा पोचवायला गाडी लागंलच.’ त्याने मागच्या सीटखाली एक पिशवी ठेवली होती, विचारलं तर सांगेना. चारुताने करंज्या, मी चकल्या. कडक झाल्या. तिने काही म्हटलं नाही, आणि तिने काही म्हटलं नाही हे मला टोचलं, ते बरंच झालं.

तुझं घर काळोखात होतं. नवापूरपासून सगळी घरं उजळलेली आणि तुझ्या दारात काहीच नाही. वर्ष उलटून गेलं होतं, लावायला हरकत नव्हती. मी काय समजायचं ते समजले. आम्ही डबे ओट्यावर ठेवले. धर्माजीने पिशवीतून पणत्या काढल्या, पाच. त्याच्या पाड्यावरच्या कुंभाराकडच्या, बेढब, एकीला तोंडच नव्हतं. मी त्या लावल्या. चारुता तेल घालताना रडत होती आणि तेल बाहेर सांडत होतं. आम्ही वळलो.

तेव्हा तू दार उघडलंस. हातात खोकं. म्हणालीस, ‘माळ लावायची राहिलीय. एकटीने नाही लावणार.’

मग ती अर्ध्या तासाची माकडचेष्टा. धर्माजी शिडीवर, तू खालून दोरी सोडतेस, चारुता ‘डावीकडे’ म्हणते आणि उजवा हात करते. मी तुझ्या अंगणवाडीतल्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर उभं राहून टोक धरलेलं, आणि रखमाआय ओट्यावर बसून म्हणते, ‘पेपरवाली पडली तर उद्या छापून येईल.’ माळ लागली. बटण दाबलं. तीच निळी, तीच तीन तऱ्हांची लुकलुक, शेजारच्या घराच्या कोंबड्या उठल्या.

आपण सगळे रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. तू गाडीतून वही आणून माझ्या हातात दिलीस आणि विचारलंस, ‘किती?’

तुला वाटलं असेल, मी विचार करत होते. मी घाबरले होते. दहा म्हणायचं हे सगळ्यांना माहीत होतं, धर्माजीने मान खाली घातली होती, चारुताने पदर डोळ्यांना लावलाच होता. मी माळेकडे बघितलं. जितेश असता तर आता टेम्पोच्या टपावर थाप मारून म्हणाला असता, बोल, यंदा तरी? आणि मी त्याला काय म्हटलं असतं?

मी म्हटलं, ‘नऊ. शेजाऱ्यांना त्रास होतोय.’

रखमाआय ओट्यावरून म्हणाली, ‘मेल्यावर पन एक मार्क कापलाच गो हिनं.’ आणि तू हसलीस. आधी तू हसलीस, हे मी खात्रीने लिहिते, मग आम्ही. तू किती दिवसांनी हसलीस ते मला ठाऊक नाही, पण रखमाआयने सुकटाच्या हाताने डोळे पुसले आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून शिव्या दिल्या.

तू गाडीत बसलीस. फेरी यंदा उलटी, दांडीहून बोईसरकडे. हजेरी तू घेतलीस, वही न बघता. अकरा. हजर. मग तू थांबली नाहीस. तू म्हणालीस, ‘चौदा.’

धर्माजीने तोंड उघडलेलं मी आरशात बघितलं. त्याच्याकडून आवाज निघेना. गाडी चालू, हात चाकावर, आणि तोंड नुसतं उघडं. एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदा ते जमलं नाही. म्हणून मी म्हटलं, ‘हजर.’ माझा आवाज तुला माहीतच आहे.

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ‘चौदा नंबरचा घसा बसलाय का?’ आणि लगेच, ‘एकतीस.’

नवापूरला दोन घरांना आठ, एकाला चार. बोईसरच्या त्या चाळीत छठची तयारी चालली होती, आपण थांबलो तर एक माणूस जवळ येऊन म्हणाला, मैडम, क्या लिख रहे हो, सर्वे है क्या. तू त्याला म्हणालीस, नंबर दे रहे हैं, दस में से. तो पळत घरात गेला आणि आणखी एक दिवा घेऊन आला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला आपले मार्क कळले. तेजलला हे सांगायला हवं. त्याला साडेनऊ दिलेस तू. तुझा हात सैल आहे, पहिल्यापासून.

उतरताना तुझं पेन तुला परत दिलं. तू ते बघितलंस, चालतं का म्हणून तळहातावर एक रेघ मारून पाहिलीस आणि ब्लाऊजमध्ये खोचलंस. मग माझं तिसरं पत्र काढून दिलंस. एकही शब्द खोडलेला नव्हता. तळाशी हिरव्या शाईत शेरा, आपल्या निकालपत्रावर काठावरच्या पोरांसाठी गुरुजी लिहायचे तोच: ‘वर ढकलले.’

पास नाही. ढकलले. मला फरक समजतो, शालू. पुढच्या वर्गात बसायला मिळालं एवढंच, आणि ते पुरे आहे.

यावर लिहू नको, असं तू म्हणाली नाहीस. म्हणायची गरज नव्हती, तरी एक गोष्ट सांगायची राहिली. दांडी सोडताना मी मागे वळून बघितलं. धर्माजीच्या पाच पणत्या, त्यावर ती निळी माळ, दारात उभी रखमाआय, आणि माझ्या शेजारी तू. माझ्या डोक्यात एक वाक्य आलं. अख्खंच्या अख्खं. मी पर्समध्ये हात घातला. मग हात तसाच ठेवला. तू काहीतरी सांगत होतीस, अंगणवाडीतल्या त्या पोराचं, त्याला आता ‘वरात’ शब्द लिहिता येतो असं काहीतरी. मी ते ऐकत राहिले.

बोईसर आलं तेव्हा ते वाक्य गेलं होतं. कालपासून आठवून बघतेय. फार चांगलं होतं.

हेमांगी